काळी भिंत, मुलाचा खोकला आणि पलीकडची मोरी

ताई, नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. जुन्या वाड्याची वाटणी होऊन आमच्याकडे तळमजल्यावरच्या तीन खोल्या आल्या. २०१९ च्या पुरात माळ्यापर्यंत पाणी होतं, २०२१ ला कमरेएवढं. झोपायच्या खोलीत एका भिंतीवर दर पावसाळ्यात काळी बुरशी येते. मी पुसते, पंधरा दिवसांत परत येते. यंदा लोखंडी कपाट सरकवलं तर मागं छातीइतक्या उंचीपर्यंत भिंत काळी झालेली. पलीकडे चुलत दिरांची मोरी आहे, त्यामुळे तिकडून काही बघता येत नाही. माझा मुलगा आठ वर्षांचा. जूनपासून रात्री खोकतो, पहाटे छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. माहेरी आटपाडीला गेलो की आठवड्याभरात खोकला थांबतो. डॉक्टरांनी एकदा पंप सुचवला होता, पण सवय लागेल म्हणून घरात कुणी घेऊ दिला नाही. सासऱ्यांना पूर्वी टीबी होऊन गेलाय, औषधं पूर्ण केली होती, पण यंदा तेही खोकतात. सासूबाई म्हणतात, तू घर नीट ठेवत नाहीस म्हणून बुरशी येते. वास जावा म्हणून रोज संध्याकाळी त्या खोलीत धूप घालतात. मिस्टर म्हणतात, सांगलीत कुणाची भिंत कोरडी आहे? गणपतीच्या आत पीव्हीसी पॅनेल मारून घेऊ, दिसायचंच बंद होईल. कोरोनात आली होती ती काळी बुरशी ही नाही ना? आणि खरंच माझं चुकतंय का?
— एक वाचक, सांगली

नमस्कार.

भिंतीबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय आणि मुलाबद्दल मोजकीच वाक्यं. मी मुलापासून सुरू करते. भिंत नीट व्हायला काही महिने लागतील, तोवर त्याला असं खोकत ठेवायचं नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आटपाडी. एकच मूल, तेच खाणं, तीच आई, पण कोरड्या हवेच्या गावात कोरड्या घरात गेलं की आठवड्यात खोकला थांबतो आणि परत आलं की सुरू होतो. डॉक्टरांना हे सांगितलंय का तुम्ही? नसेल तर पहिल्यांदा हेच सांगा. त्यावरून बुरशीच कारण आहे असं लगेच सिद्ध होत नाही, धूळ, उशी-गादीतले बारीक किडे, धूप, यातलं काहीही असू शकतं. पण त्रास घरातल्या हवेत आहे, याकडे मात्र ते सरळ बोट दाखवतं.

रात्रीचा खोकला, पहाटेची शिट्टी आणि पावसाळ्यात वाढ, या तिन्ही गोष्टी बाळदम्यात दिसतात. पत्रावरून निदान करायचा मला अधिकार नाही आणि मी करतही नाही. पण खोकल्याच्या बाटल्या आणणं थांबवून या आठवड्यात त्याला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा छातीच्या डॉक्टरांकडे न्या. मिरज तुम्हाला जवळ आहे, तिथं दोन्ही सहज मिळतील. आठ वर्षांचं मूल जोरात फुंकर मारून श्वासाची तपासणी नीट देऊ शकतं, दुखत नाही, काही मिनिटांचं काम असतं. आणखी एक करा. पहाटे शिट्टीचा आवाज येईल तेव्हा त्याचा सदरा वर करून छाती-पोट दिसेल असा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. दिवसा दवाखान्यात मूल बहुतेक वेळा अगदी ठणठणीत असतं, मग आईचं बोलणं वाढवून सांगितल्यासारखं वाटतं. व्हिडिओ असला की तो प्रश्नच येत नाही.

पंपाबद्दल घरात जे बोललं गेलं ते आपल्याकडे घरोघरी बोललं जातं, आणि त्यामुळे मुलं वर्षानुवर्षं विनाकारण त्रास काढतात. पंपाची सवय लागत नाही. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळीत जातं. तेच औषध गोळीतून किंवा सिरपमधून दिलं तर पोटातून रक्तात आणि मग सगळ्या अंगभर फिरतं, मात्राही कितीतरी जास्त लागते. पंप दोन तऱ्हेचे असतात: एक धाप लागली की तेवढ्यापुरता आराम देणारा आणि दुसरा सूज कमी ठेवायला रोज घ्यायचा. घोटाळा दुसऱ्याचा होतो. मूल बरं दिसायला लागलं की घरचे तो बंद करतात, महिन्याभरात त्रास उलटतो, आणि मग ‘बघा, सवय लागली’ असं म्हटलं जातं. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला तर बंद कधी करायचा हेही त्यांनाच विचारा. मुलासाठी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, नक्की मागून घ्या आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा. शक्य झालं तर दवाखान्यात मिस्टरांना आणि सासूबाईंनाही बरोबर न्या. तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात टिकतं.

मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा किंवा सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं.

आणि धूप आजपासून बंद. मला माहीत आहे, संध्याकाळी देवापुढं आणि घरभर धूप फिरवणं ही सासूबाईंची श्रद्धेची गोष्ट आहे, तिला नाही म्हणणं तुम्हाला अवघड जाईल. देवापुढं निरांजन लावा, त्यात काही अडचण नाही. पण झोपायच्या खोलीत धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, यातलं काहीही नको. धुरानं बुरशी मरत नाही, कुबट वास तेवढा झाकला जातो, आणि दम्याच्या मुलाला धूरही बाधतो. डासांसाठी मच्छरदाणी लावा.

आता सासऱ्यांबद्दल. तुम्ही त्यांचा उल्लेख जाता जाता केलाय, पण मला त्यांची काळजी मुलाइतकीच वाटते. टीबी बरा झाला तरी काहींच्या फुफ्फुसात पोकळी किंवा व्रण मागं राहतो. ॲस्परजिलस नावाची बुरशी, जी हवेत सगळीकडेच असते, अशा जुन्या पोकळीत घर करू शकते. मग महिनोन् महिने खोकला, थकवा, वजन उतरणं, कधी थुंकीतून रक्त, असं सुरू होतं. लक्षणं टीबीसारखीच असल्यामुळे टीबी उलटला असं समजून पुन्हा तीच औषधं दिली जातात. सासऱ्यांना हे झालंय असं मी म्हणत नाही. साधा पावसाळी खोकलाही असेल. पण टीबी होऊन गेलेल्या माणसाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे हवाच. थुंकीत टीबी निघाला नाही आणि खोकला तरीही राहिला, तर ‘जुन्या टीबीवर बुरशी तर नाही ना’ असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते. थुंकीत रक्ताचा ठिपका जरी दिसला तरी त्याच दिवशी न्या. त्यांना त्या खोलीत झोपवू नका, आणि भिंत पुसायच्या कामाला तर मुळीच लावू नका.

‘काळी बुरशी’ची भीती मात्र मनातून काढून टाका. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, ज्याला काळी बुरशी म्हणत होते तो म्युकरमायकोसिस. ती बुरशी वेगळी. त्यात आजारी माणसाच्या नाकातली किंवा टाळूची कातडी मरून काळी पडते, म्हणून ते नाव पडलं. भिंतीवरच्या काळ्या रंगाशी त्याचा संबंध नाही. तो आजार झाला तो बहुतेक करून साखर हाताबाहेर गेलेल्या आणि जास्त स्टेरॉइड घेतलेल्या लोकांना. घरात कुणाला मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, ते एरवीही करायचंच आहे. तुमच्या भिंतीवर कुठल्या जातीची बुरशी आहे ते शोधायला पैसे देऊन लॅबमध्ये नमुना पाठवायचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा यांचा त्रास जास्त होतो हे त्यात मांडलंय. पण किती बुरशी चालेल आणि किती नाही, असा सुरक्षित आकडा देता येत नाही, असंही त्यात म्हटलंय. ओल येऊच द्यायची नाही आणि आली तर काढायची, एवढाच त्यांचा सल्ला. जात कुठलीही निघाली तरी करायचं तेच आहे.

‘खरंच माझं चुकतंय का?’ असं विचारलंत. नाही. बुरशीचे बीजाणू सगळ्यांच्या घरात, सगळ्यांच्या हवेत असतात, लख्ख घासलेल्या घरातही असतात. त्यांना वाढायला लागतं ते पाणी. एखादा पृष्ठभाग एक-दोन दिवस ओला राहिला की बुरशी रुजते, आणि भिंतीवरचा रंग, लांबी म्हणजे पुट्टी, कपाटाचा प्लायवूड, जुनी पुस्तकं, सगळं तिला खायला चालतं. फडक्यानं पाणी थांबत नाही. कृष्णेच्या काठी, ज्या गावात आयर्विन पुलावर ४५ फूट ही धोका पातळी आहे आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्या गावच्या गावभागात तळमजल्याची भिंत ओली असणं हा सुनेचा दोष कसा होईल?

या दोषावर मी एवढी अडून बसते त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये रॉचडेल इथं डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल गेलं. घरभर बुरशी होती. वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांना वरून रंग मारा असं सांगण्यात आलं. घर भाड्यानं देणाऱ्या संस्थेनं ओलीचा दोष त्या कुटुंबाच्या राहणीवर, अंघोळ करण्याच्या पद्धतीवर ढकलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीचा निकाल आला: घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे झालेल्या श्वसनाच्या आजारानं मूल गेलं. त्यानंतर त्या मुलाच्या नावानं तिथं कायदा झाला. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, असं टोक फार क्वचित गाठलं जातं आणि तुमचा मुलगा वेळेत डॉक्टरांकडे जाणार आहे. पण ‘तुम्ही घर नीट ठेवत नाही’ या एका वाक्यामुळे खरं कारण शोधायचं कसं राहून जातं, ते त्यात दिसतं. मिस्टरांना हे वाचून दाखवा. सासूबाईंनाही दाखवा, पण वाद जिंकण्याच्या सुरात नको. त्यांनी दोन्ही पुरांत त्याच घरातला गाळ उपसलाय. घर काळं पडताना बघून त्यांचाही जीव तुटत असणार.

आता भिंत. तुम्ही लिहिलंय की पलीकडे मोरी असल्यामुळे तिकडून काही बघता येत नाही. मला तर वाटतं बघायची जागा तीच आहे.

जमिनीतून ओल चढते ती साधारण तीन फुटांपर्यंत, क्वचित थोडी वर. ती एकाच भिंतीला सहसा येत नाही, जोत्याला लागून असलेल्या बऱ्याच भिंतींना येते, आणि वरच्या बाजूला भरतीच्या रेघेसारखी पांढुरकी रेघ दिसते. तुमच्याकडे एकच भिंत आहे, ओल छातीपर्यंत आहे, आणि पाठीमागं रोज पाणी पडतंय. जुन्या वाड्यात वाटणीनंतर घाईघाईनं केलेल्या मोऱ्यांमध्ये फरशीचे सांधे उघडे पडलेले असतात, भिंतीतला नळ बारीक ठिबकत असतो, सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथं फट असते. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्यामुळे वरचा थर वाळतो आणि बुरशी दिसत नाही, पण आतली विटकामाची भिंत ओलीच राहते. म्हणून आठवून बघा: एप्रिलमध्ये त्या भिंतीला हात लावला की बाकीच्या भिंतींपेक्षा गार लागायची का? रंगाचे पोपडे उन्हाळ्यातही पडत होते का? ‘हो’ असेल तर संशय मोरीवरच.

दुसरं कारण पुराचं. साधा ठोकताळा असा की विटांची भिंत महिन्याला इंचभर वाळते. वाड्याची जाड भिंत असली तरी २०२१ चं पाणी एव्हाना वाळायला हवं होतं. पण पाणी गेलं तरी त्यातले क्षार गिलाव्यात राहतात, आणि हे क्षार दर पावसाळ्यात हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. लोणा आणि पांढरी बुरशी पुष्कळदा सारखीच दिसते. त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. विरघळलं तर लोणा, नुसतंच भिजून चिकटलं तर बुरशी.

तिसरं कारण कपाटाचं. भिंतीला चिकटलेल्या कपाटामागं हवा खेळत नाही. त्यामुळे थोडी ओलही तिथं मुक्कामाला येते. कपाट परत लावताना मध्ये वीतभर जागा सोडा, किंवा सरळ दुसऱ्या भिंतीला लावा.

कुठलं कारण किती, हे कळायला गवंडी बोलवायच्या आधी घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात. चपात्या गुंडाळायचा फॉइलचा कागद असतो ना, त्याचा फूटभर चौकोन पुसून कोरड्या केलेल्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला असतील तर ओल हवेतली आहे. दुसरं, ओलीच्या डागाभोवती पेन्सिलनं रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. दिरांकडचे लोक दोन-चार दिवस गावाला जातील, मोरी वापरात नसेल, तेव्हा आधी आणि नंतर अशी रेघ तपासा. मोरी बंद असताना डाग आक्रसला आणि पुन्हा वापर सुरू झाल्यावर पसरला, तर वेगळा पुरावा लागत नाही.

म्हणून गणपतीच्या आत पॅनेल मारायचा बेत सोडा, कळकळीनं सांगते. पूर येऊन गेल्यापासून घराघरांत ही पॅनेल लागलेली मी बघतेय. खोली दोन दिवसांत नवी दिसते हे खरं, पण पॅनेल आणि भिंत यांच्यामध्ये अंधार, ओल आणि बंद हवा असते. बुरशीला याहून चांगली जागा मिळायची नाही, आणि ती तुम्हाला दिसणारही नाही. वास येत राहील, मुलगा खोकत राहील, आणि मिस्टर म्हणतील आता तर भिंत चांगली आहे. आतून वॉटरप्रूफ रंग मारण्याचंही तसंच. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद झाली की ओल आणखी वर चढते किंवा शेजारच्या भिंतीत जाते, आणि वर्षाच्या आत रंगाला फुगे येतात. गणपती यंदा बाहेरच्या खोलीत बसवा. या खोलीतून गाद्या बाहेर काढा. मुलगा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा, दाटी झाली तरी चालेल. मुलाला आराम पडायला यानं मोठी मदत होईल.

तोवर भिंत पुसायची ती अशी. मुलगा आणि सासरे घराबाहेर हवेत. पंखा बंद, खिडकी उघडी, खोलीचं दार लावलेलं. नाका-तोंडावर एन-९५ मास्क, रुमाल नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. कोरड्या ब्रशनं किंवा झाडूनं खरवडू नका, त्यानं बीजाणू खोलीभर उडतात. आधी साबणाच्या पाण्यानं भिंत ओली करा, मग फडक्यानं पुसा, फडकी पिशवीत बांधून टाकून द्या, आणि शेवटी कोरड्या फडक्यानं टिपून मग पंखा लावा. साधारण तीन फूट बाय तीन फूट एवढा भाग घरी पुसायला हरकत नाही. कपाटामागची तुमची जागा याहून मोठी वाटली तर रंगाऱ्याला किंवा गवंड्याला हीच पद्धत सांगून त्याच्याकडून करून घ्या, आणि मास्क त्यालाही द्या.

पुरानंतर वाटलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, अजून अनेक घरांत पडून असते, आणि ती भिंतीला लावायचा मोह होतो. मुलाला शिट्टी वाजत असताना मी तुम्हाला साबण-पाणीच सांगेन. भिंतीच्या आत ब्लीच पोहोचत नाही, वरचा रंग तेवढा उडतो, आणि मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी येते. म्हणून मारण्यापेक्षा पुसून काढणं महत्त्वाचं. आणि एक गोष्ट कधीही करायची नाही: टीसीएल किंवा ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड मिसळणं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीवावर बेततो. दोन्ही एकामागोमाग एकाच जागी ओतायचीही नाहीत.

कापसाच्या गादीला काळे ठिपके पडले असतील तर ती द्या टाकून. ऊन दिलं तरी आतली बुरशी जात नाही. वाकळ आणि चादरी कडक पाण्यात धुऊन चांगल्या खडखडीत वाळल्या आणि वास राहिला नाही तर वापरा. वाकळ आजीच्या लुगड्याची असेल तर टाकवणार नाही, मला कळतं. तिला निदान मुलाच्या अंगावर घालू नका. फुगलेला प्लायवूड ठेवू नका. त्या खोलीत शेंगदाण्याचं पोतं किंवा मिरचीचा डबा असेल तर तोही उघडून बघा. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून, भाजून वापरायचे नसतात, त्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजल्यानं जात नाही.

पावसाळाभर कपडे घरात वाळत घालावे लागतात, त्याला इलाज नाही. पण एका वेळच्या ओल्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं, म्हणून दोऱ्या झोपायच्या खोलीत नकोत. स्वयंपाक करताना खिडकी उघडी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा. बाहेर धो धो पाऊस असताना खिडक्या उघडून उपयोग नाही, दुपारी उघडीप मिळाली की मात्र समोरासमोरची दारं-खिडक्या सताड उघडा. हवेतली ओल मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं. आकडा साठ टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला अवघड जातं. श्रावणात सांगलीत ते रोज जमणार नाही, पण दिवसातले काही तास जमलं तरी फरक पडतो.

पक्कं काम उन्हाळ्यात, पलीकडची गळती थांबल्यानंतरच. लोणा लागलेला गिलावा डागाच्या वर दीड फुटापर्यंत खरवडून काढायचा, भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची, आणि मग नवा गिलावा. जुनी मातीची किंवा चुन्याची भिंत असेल तर चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधा, कारण चुन्यातून ओल बाहेर निघते, सिमेंट तिला आत कोंडून ठेवतं. घाई करणाऱ्या ठेकेदाराचं ऐकू नका. मार्चमध्ये खरवडलेली भिंत मे पर्यंत उघडी राहिली तर राहू दे, दिसायला वाईट दिसेल एवढंच.

राहिलं चुलत दिरांशी बोलणं. मला वाटतं, या सगळ्यात अवघड तेच आहे, आणि म्हणूनच इतकी वर्षं ती भिंत तुम्ही एकट्या पुसत आलात. हे बोलणं तुम्ही करू नका, मिस्टरांनी करावं. सुनेनं काढलेला विषय लगेच जावाजावांचा होतो. गौरी जेवायला सगळी भावकी जमेल, त्या दिवशीही नको. चारचौघांत गळती काढली की तिचा आरोप होतो, आणि मग वाटणीच्या वेळचं सगळं वर येतं. एखाद्या संध्याकाळी मिस्टरांनी एकट्यानं जावं आणि म्हणावं, “दादा, आमच्या भिंतीला ओल येतीय. तुमच्या बाजूनं पण एकदा बघूया का? प्लंबर मी घेऊन येतो.” आधी मुलाचा खोकला सांगावा, मोरीचं नाव नंतर. भिंत दोघांची आहे, ओल त्यांच्याही बाजूला असणार, आणि मोरीलगतच्या खोलीत त्यांचंही कुणी झोपत असेल.

खर्चाची बोली मिस्टरांनी आपण होऊन करावी, निदान अर्ध्याची. दीर अगदीच तयार झाले नाहीत तर त्यांच्या मोरीची फरशी आणि नळाचं काम सगळं आपल्या खर्चानं करून द्यायची तयारी ठेवा. पॅनेलसाठी काढलेले पैसे तिकडे लावा. दर वर्षीचा रंग, दवाखाना आणि बाटल्या धरल्या तर ते जड जाणार नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की कळवा. पंपावरून घरात पुन्हा कुणी अडवलं तर तेही लिहा, मी सासूबाईंना उद्देशून वेगळं उत्तर देईन.